नाही जमलं तरी हरकत नाही

तळपदे साहेबांनी आमच्या ऑफिसात आल्याच्या तिसऱ्या दिवशी स्वतःच्या केबिनचं दार काढून टाकलं. उघडं ठेवलं असं नव्हे, बिजागऱ्यांसकट काढलं आणि जिन्याखाली नेऊन उभं केलं. सुताराला त्यांनी चहा पाजला, त्याचा मुलगा कितवीत आहे ते विचारलं आणि मग आम्हा सगळ्यांना गोल उभं करून म्हणाले, "आजपासून तुमच्या आणि माझ्या मध्ये काही नाही. ज्याला जे बोलायचंय त्याने सरळ आत यायचं."

पहिला परिणाम असा झाला, की केबिनमधला गारवा बाहेर आला, बाहेरचा उकाडा आत गेला आणि दोन्हीकडची माणसं सारखीच घामाघूम झाली. साहेब ह्याला समानता म्हणत. दुसरा परिणाम लक्षात यायला आम्हाला बरेच दिवस लागले. ज्या खोलीला दार नाही, तिथे कोणी कोणाशी खासगी बोलू शकत नाही. मेकॅनिक बाकड्यावर बसलेले असायचे, मी फोनवर, चहावाला पोऱ्या खिडकीत. एवढ्या सगळ्यांसमोर साहेबांना काय सांगणार? सगळे सांगायचे, "मजेत आहे साहेब." आणि साहेबांचा चेहरा फुलायचा.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. ऑफिस परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात, दुसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. ह्यावरचे सगळे विनोद करून झालेले आहेत. परळ, लालबाग, दादर, गिरगाव एवढा आमचा इलाका. गिरगावात जाळीच्या दारांच्या, आमच्या आजोबांच्या वयाच्या लिफ्ट आणि परळला पन्नास मजली टॉवर. "बाई, लिफ्ट मध्येच अडकलीय, आत माझी सासू आहे, पण तशी घाई नाही," असले फोन मी घेते, वहीत लिहिते आणि कोणत्या मेकॅनिकने कुठे जायचं ते सांगते. माझं आडनाव परब, राहते लालबागला. माझ्याबद्दल एवढं पुरे.

तळपदे साहेबांच्या आधी राणे साहेब होते. त्यांच्या केबिनला दार होतं आणि ते दिवसातून चार वेळा आपटलं जायचं. राणे साहेबांच्या तोंडी सकाळी दहाच्या आत दोघातिघांचा उद्धार झालेला असायचा. त्यांनी एकदा गावड्यांना, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकला, फेकून मारायला पाना उचलला होता. मारला नाही, पण उचलला होता. ते रिटायर झाले त्या दिवशी आम्ही समोसे मागवले, ते गेल्यानंतर. म्हणून तळपदे साहेब आले आणि "गुड मॉर्निंग, झोप झाली का?" म्हणाले, तेव्हा आम्हाला देव भेटल्यासारखं झालं. हे मी प्रामाणिकपणे सांगते आहे, कारण पुढे मी जे काही तिरकं बोलणार आहे, ते बोलायचा माझा हक्क थोडा कमीच आहे.

साहेब गिरगावातले, पाठारे प्रभू. पिढ्यान्पिढ्या मुंबईत, खापरपणजोबा कुठल्याशा सरकारी कचेरीत मोठे कारकून, घरात जुनं फर्निचर आणि खाण्याचा शौक. गोरेपान, उंच, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. ऐकणारा वाकतो, हा त्यांच्या साहेबपणाचा एकमेव अंश होता. लोणावळ्याला नेतृत्वावरचं तीन दिवसांचं शिबिर करून आले होते ते. तिथे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की चांगला साहेब हुकूम देत नाही, विचारतो. बहुतेक माणसं शिबिरातून बॅग आणि पेन घेऊन येतात. साहेब बिचारे शिकवलेलं घेऊन आले.

मग सुरू झालं विचारणं. "परब मॅडम, पंखा तीनवर ठेवू की चारवर? तुम्हाला काय वाटतं?" "गावडे, बाकडं खिडकीकडे सरकवूया का? मोकळेपणाने सांगा." चहात साखर किती असावी ह्यावर आमच्याकडे मतदान झालं. पहिल्या फेरीत बरोबरी. दुसऱ्या फेरीआधी साहेबांनी दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं मांडायला वेळ दिला. बिनसाखरेच्या बाजूने बोलायला मी उभी राहिले, मला मधुमेह आहे. मी पाच मिनिटं बोलले आणि हरले. साहेबांनी माझं अभिनंदन केलं, "तुम्ही फार छान मांडलंत." चहा गोडच राहिला आणि मी घरून थर्मास आणायला लागले.

पण माणूस वाईट होता असं कोणी म्हणेल तर मी भांडेन. सगळ्यांच्या मुलांची नावं त्यांना पाठ. गावड्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांना गावड्यांपेक्षा जास्त आनंद झाला. शनिवारी डब्यात कोलंबीचं भानोलं आणायचे, कोबी आणि कोलंबी घालून भाजलेलं, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतः खायचे. विलास कांबळेला त्यातली खालची खरपूस पापडी आवडते हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. ती पापडी विलाससाठी राखून ठेवलेली असायची. असा साहेब मिळाल्यावर त्याला नाही म्हणायची जीभ होत नाही, आणि सगळी गडबड नेमकी तिथेच होती.

विलास कांबळे आमचा सगळ्यात चांगला मेकॅनिक. वरळीच्या बीडीडी चाळीत आईबरोबर राहणारा, तिशी ओलांडलेला. वडील गिरणीत होते. गिरणी गेली, वडीलही लवकर गेले, आईने शाळेत आयाचं काम करून ह्याला आयटीआय केलं. कमी बोलणारा. लिफ्टच्या आवाजावरून दोष ओळखायचा. फोनवर मी सांगायचे, "विलास, कर्रर्र होतंय म्हणतात," तर तिकडून विचारायचा, "वर जाताना की उतरताना?" बस्स, तेवढ्यावर तो सोबत कुठला सुटा भाग न्यायचा ते ठरवून मोकळा. साहेब त्याला एकट्यालाच विलासराव म्हणत.

साहेबांना एकच ध्यास होता, आमचं समाधान. आम्ही समाधानी आहोत का, किती आहोत, कालच्यापेक्षा आज जास्त आहोत का. त्यासाठी त्यांनी घरून लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या आणल्या आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: खूश, ठीक, नाखूश. शेजारी वाटीभर भाजलेले काबुली चणे. सकाळी कामावर निघताना प्रत्येकाने मनाला विचारून एक चणा टाकायचा. संध्याकाळी मी मोजायचे आणि आकडे हेड ऑफिसला कळवायचे. सुरुवातीला आकडे जुळत नसत, कारण आमचा शिपाई मोरे दुपारी चहाबरोबर समाधान खायचा. साहेब त्याला रागावले नाहीत. चण्यांऐवजी चिंचोके आणले.

नाखूश बरणीत चिंचोका पडला, की साहेब त्या माणसाला हातातलं काम ठेवून आत बोलवायचे. "बसा. मन मोकळं करा." बिनदाराच्या खोलीत, बाकड्यावरचे सगळे कान टवकारून बसलेले असताना. अर्धा तास ते ऐकत. मधूनमधून मान हलवत. शेवटी म्हणत, "तुमची भावना मला समजली." तोवर त्या माणसाचे पहिले दोन कॉल दुसऱ्यांच्या गळ्यात पडलेले असायचे, दुसरे वैतागलेले असायचे आणि भावना समजण्यापलीकडे काही घडलेलं नसायचं. पंधरा दिवसांत तिसऱ्या बरणीत काही पडेनासं झालं. दुसरीतही नाही, कारण "ठीक म्हणजे नेमकं काय?" ह्यावरही दहा मिनिटं जायची. सगळे चिंचोके पहिल्या बरणीत. माझाही तिथेच, गोड चहासकट.

आम्हाला ढाल मिळाली. कंपनीच्या मुंबईतल्या सगळ्या शाखांमध्ये सर्वांत समाधानी शाखा. हेड ऑफिसहून केक आला, त्यावर एका लिफ्टचं चित्र होतं आणि लिफ्टमध्ये हसरा चेहरा. साहेबांनी भाषण केलं, "हे माझं यश नाही, तुमचं आहे." त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गावडे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "परबीण बाय, माका तर ठावकच नाय होता मी इतको सुखी आसय."

केकच्या पाठोपाठ महिनाभरात पत्र आलं. आमची शाखा इतकी समाधानी आणि इतकी कार्यक्षम आहे, की तिला सध्याच्या संख्येतले हेल्पर लागणार नाहीत असं हेड ऑफिसचं मत झालं होतं. ज्या शाखांमध्ये तक्रारी होत्या, तिथे आमचे चार हेल्पर हलवले. आता लिफ्टच्या कामाचा एक नियम आहे, तो आमच्या धंद्यात पोरंसोरंही सांगतील. लिफ्टखालच्या खड्ड्यात माणूस उतरला, की दुसरा माणूस मेन स्विचपाशी उभा पाहिजे. स्विच बंद केलेला असला तरी. खड्ड्यातला वर येईपर्यंत त्याने तिथून हलायचं नाही. हेड ऑफिसने हा नियम बदलला नाही. तो भिंतीवर आहे तसा राहिला, फक्त तो पाळायला लागणारी माणसं नेली.

साहेबांनी फोन केला होता, हे मी सांगायला पाहिजे. दार नव्हतं, आम्ही सगळ्यांनी ऐकला. "सर, मला वाटतं की... हो सर. नाही नाही, तुमचा मुद्दा समजला सर. बघतो सर. जमवू सर." फोन ठेवून ते बाहेर आले आणि म्हणाले, "आपण सगळे मिळून ह्यातून मार्ग काढू. कोणाला काही सुचतंय?" कोणालाच काही सुचत नव्हतं. ज्याला नाही म्हणायचं होतं तो माणूस फोनच्या पलीकडे होता, आणि आमच्याकडून त्याला जे सांगायचं होतं ते साहेबांनी सांगून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासने नाखूश बरणीत चिंचोका टाकला. बऱ्याच दिवसांतला पहिला. ठण्णकन वाजला रिकाम्या बरणीत.

साहेबांनी त्याला आत बसवलं. विलास म्हणाला, "साहेब, दुसरा माणूस द्या. खड्ड्याच्या कामाला तरी."

"मला तुमची भावना समजते, विलासराव."

"भावना नाय साहेब. माणूस."

बाकड्यावर कोणीतरी हसलं. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, "मी वर बोललोय. प्रयत्न चालू आहेत. तोवर आपण एकमेकांना सांभाळून घेऊ. तुम्हाला काय वाटतं?" विलासने काय वाटतं ते आधीच सांगितलेलं होतं. तो उठला. असे आठ दिवस तो रोज तिसऱ्या बरणीत टाकत राहिला, रोज अर्धा तास आत बसत राहिला, आणि रोज त्याचे कॉल इतरांवर पडत राहिले. नवव्या दिवशी गावडेच त्याच्यावर खेकसले, "मेल्या, टाक मरे पयल्या बरणीत! आमका कामाक जावचा आसा." विलासने आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. त्याने चिंचोका पहिल्या बरणीत टाकला आणि हत्यारांची पिशवी उचलून निघाला.

त्यानंतर सगळं सुरळीत सुरू झालं. खड्ड्याचा कॉल आला, की साहेब केबिनमधून बाहेर यायचे, विलासच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "विलासराव, गिरगावातली ती लिफ्ट आहे. आज दुसरं कोणी मोकळं नाहीये. बघा ना, जमेल का? नाही जमलं तरी हरकत नाही हं. मला अजिबात वाईट वाटणार नाही." हे ते मनापासून म्हणायचे. पण नाही जमलं तर सोसायटीवाले मला फोन करणार, मी साहेबांना सांगणार, साहेब त्यांची माफी मागणार, चेहरा एवढासा करून बसणार आणि शनिवारी तरीसुद्धा पापडी विलासला देणार. राणे साहेबांनी "जा रे मुडद्या" म्हटलं असतं तर विलासने "जा, नाय जात" म्हणून पाना टाकला असता. हे काही मी राणे साहेबांचं कौतुक करत नाही. त्यांनी पाना परत उचलला असता. पण भांडायला समोर माणूस तरी असला असता.

विलास म्हणायचा, "जमेल."

तो बुधवार होता, दुपारचे साडेतीन. गिरगावातली चार मजली जुनी इमारत. विलासने मीटरच्या खोलीतला स्विच बंद केला, त्याला "काम चालू आहे"ची पाटी अडकवली आणि खड्ड्यात उतरला. लिफ्ट वर दुसऱ्या मजल्यावर उभी. तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात, इमारतीतलं काहीही बिघडलं की धावून जाणारे. लिफ्टचा दिवा गेलेला दिसला म्हणून ते जिने उतरून खाली आले. चष्मा घरी राहिला होता. पाटीला त्यांनी मागच्या महिन्यातली समजून बाजूला केलं आणि स्विच वर केला. आणि तळमजल्यावर बाजारातून आलेल्या कोणीतरी बटण दाबलं.

विलास कोपऱ्यात सरकला म्हणून वाचला. डावा पाय गुडघ्याखाली चिरडला. काका रडत होते, असं रुग्णवाहिका बोलावणाऱ्या मुलाने मला फोनवर सांगितलं. स्विचपाशी एक माणूस उभा असता तर त्याने काकांना म्हटलं असतं, "आजोबा, हात लावू नका," आणि काका "बरं बरं" म्हणून चार फुकटचे सल्ले देऊन वर गेले असते.

साहेब हॉस्पिटलात दोन रात्री बसून होते. तिसऱ्या दिवशी दाढी वाढलेल्या अवस्थेत ऑफिसात आले आणि कोणालाच काही विचारलं नाही. पंखा बंदच राहिला.

चौकशीला हेड ऑफिसहून दोघं आले. कॉलची वही माझ्याकडे, म्हणून मीही समोर बसले होते. त्यांनी साहेबांना विचारलं, "दोन माणसांचा नियम असताना कांबळेला तुम्ही एकट्याने जायची ऑर्डर दिली होती?"

"नाही," साहेब म्हणाले. "मी कधीच कोणाला ऑर्डर देत नाही. मी विचारतो. जमेल का, असं विचारलं. नाही जमलं तरी हरकत नाही, हेसुद्धा सांगितलं."

"मग तो काय म्हणाला?"

"जमेल म्हणाला."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग मला विचारलं, "मॅडम, तुम्ही ऐकलंत? साहेबांनी ऑर्डर दिली नव्हती?" मी म्हटलं, "विचारलं होतं." शब्द न् शब्द खरं. "माणसांच्या कमतरतेबद्दल नाराजी होती का?" मी म्हटलं, होती, विलासने आठ दिवस सांगितलं होतं. "आणि नंतर?" नंतरचे आकडे माझ्याच अक्षरात वहीत होते. सगळे खूश. त्यातला एक विलासचा. त्या दोघांतला एक जण बरण्यांकडे बघून म्हणाला, "चांगली सिस्टीम आहे." तेव्हा मला स्वतःची जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. खरं बोलून एखाद्याला असं बुडवता येतं, हे मला पन्नाशीत कळलं.

पंधरा दिवसांनी विलासच्या घरी पत्र गेलं. नियम माहीत असताना स्वतःच्या इच्छेने एकट्याने काम केल्याबद्दल, निष्काळजीपणामुळे, सेवेतून कमी.

पत्राचं कळलं तेव्हा साहेब मला म्हणाले, "मॅडम, आपण विलासरावांना भेटून यायचं का? तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, चला. मनातून मला वाटलं, ह्यांना तिथेही विचारायचं असेल, की विलासराव, माझ्यावर नाराज तर नाही ना?

बीडीडीत विलासची खोली दुसऱ्या मजल्यावर. पुनर्विकासात त्यांच्या चाळीचा नंबर नव्या टॉवरसाठी अजून लागायचा होता. साहेब दगडी जिने चढून धापा टाकत वर पोचले, हातात सफरचंदं. विलास कॉटवर, पायात सळ्या. भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याच्या खाली आयटीआयचं सर्टिफिकेट, काचेच्या फ्रेममध्ये. आईने आमच्यासाठी चहा टाकला. साहेब विलासशी पायाबद्दल बोलले, डॉक्टरबद्दल बोलले, सळ्या कधी काढणार ते विचारलं. विलास नेमकं उत्तर देत होता, एक शब्द जास्त नाही. शेवटी साहेबांनी विचारलंच, "विलासराव, तुम्ही माझ्यावर..."

पण आईने चहाचे कप खाली ठेवले आणि विचारलं, "साहेब, एक विचारते. त्या पत्रात लिवलंय ते खरं हाय का? माझा पोरगा निष्काळजी हाय?"

"आये, राहू दे," विलास म्हणाला.

"का राहू दे? पंधरा वरसं झाली ह्याला कामाला. शेजारपाजारची लोकं इचारतात, कशानं काढला? मी काय सांगू? साहेब, तुमी सांगा. तुमी म्हनाल ते मी मानीन."

साहेब कपाकडे बघत राहिले. खाली कॉमन नळावर कोणाचा तरी हंडा भरत होता, तो भरून वाहायला लागला. मला खात्री होती, आता ते म्हणणार, तुमची भावना मला समजते. ते म्हणाले असते तर मी चहाचा कप तिथेच टाकून उठले असते.

"परब मॅडम," ते म्हणाले, "कागद द्या."

त्यांनी कधीच मला असं काही सांगितलं नव्हतं. मी पर्समधून वहीचं पान फाडून दिलं. सफरचंदाच्या खोक्यावर पान ठेवून त्यांनी लिहिलं, सही केली, तारीख टाकली आणि विलासच्या हातात दिलं. त्यात चार ओळी होत्या. त्या दिवशी कांबळे यांना एकट्याने खड्ड्यात उतरण्याचा आदेश शाखा व्यवस्थापक म्हणून मी दिला होता. त्याला त्यांची संमती, नाइलाजाने का होईना, मिळवली गेली. अपघाताची जबाबदारी माझी आहे.

विलासने दोनदा वाचलं. "साहेब, हे खोटं आहे. तुम्ही ऑर्डर कुठे दिली होती? विचारलं होतंत."

"तुला नाही म्हणता आलं असतं?" एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तू आलं.

विलासने कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "नाही."

"मग ऑर्डरच ती," साहेब म्हणाले. आईकडे वळून, मोठ्या आवाजात, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, मी पाठवलं होतं ह्याला. ह्याची चूक नाही."

ती चहा पीत नव्हती, डोळ्यांना पदर लावून नुसती मान हलवत होती.

साहेबांचा तो कागद हेड ऑफिसला गेल्यावर जे व्हायचं ते झालं. विलासचं पत्र मागे घेतलं गेलं, त्याला आमच्याच शाखेत टेबलावर घेतलं. आता मी फोन घेते आणि मेकॅनिकना तो पाठवतो. तळपदे साहेबांना राजीनामा द्यायला लावला. निरोप समारंभ झाला नाही, केक आला नाही. नवीन साहेब आले, ते ना शिव्या देतात ना भानोलं, आणि त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर सुताराला बोलावून दार बसवलं.

साताठ महिन्यांनी मी गिरगावात मावशीकडे गेले होते. रविवार सकाळ, मासळीबाजारात तळपदे साहेब दिसले. चुरगळलेला झब्बा, हातात कापडी पिशवी, कोळणीच्या पाटीवर वाकून पापलेटाचे कल्ले उघडून बघत होते. कोळीण म्हणत होती, "घ्या ना शेठ, ताजा हाय." ते म्हणाले, "नको. शिळं आहे," आणि सरळ उभे राहिले तेव्हा त्यांना मी दिसले.

घरची चौकशी झाली, गावड्यांच्या मुलीची झाली. मग त्यांनी विचारलं, "आणि विलास?"

"बरा आहे. काठी सुटली. पण स्वभाव फार बिघडलाय," मी म्हटलं. "रोज कटकट करतो. गेल्या महिन्यात खड्ड्याचा कॉल आला, मोकळा माणूस एकच. नवीन साहेब म्हणाले पाठव. तर हा म्हणाला, एकटा माणूस मी पाठवणार नाही. साहेब म्हणाले, हेड ऑफिसशी बोल. त्याने तिथेच फोन लावला आणि त्यांनाही तेच सांगितलं."

"मग?" साहेबांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "काय केलं त्यांनी?"

"दुसरा माणूस दिला."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मागून कोणीतरी "बाजू द्या, बाजू द्या" म्हणत बर्फाची लादी घेऊन आलं, त्यांना ढकलून गेलं, तरी ते हलले नाहीत.

"नाही म्हटल्यावर लगेच दिला?"

"दुपारपर्यंत."

"बस्स? इतकंच?"

"इतकंच, साहेब," मी म्हटलं.

कोळीण पाटीवर पाणी मारत होती, ते त्यांच्या पायावर उडत होतं. मी निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन मागे पाहिलं, तर ते रिकामी पिशवी घेऊन अजून तिथेच उभे होते.